रांजणावरचा उलटा मोजा

ओक-बुन : …आणि माझ्या रांजणांसमोर जांभया द्यायच्या नाहीत, हे दोन वर्षांत तिसऱ्यांदा सांगतेय. आत जांग मुरतोय. समोर आळशी माणूस उभं राहिलं की तोही आळसावतो.

सेइन : आजी, जांभई नव्हती ती. ऊन डोळ्यांवर आलं.

ओक-बुन : ऊन डोळ्यांवर आलं तर तोंड कशाला उघडायचं?

सेइन : बरं, होती जांभई. ग्वांगजूहून पहिल्या बसने निघालेय. आणि स्टँडपासून ही पेटी पाठीवर घेऊन चढ चढलेय.

ओक-बुन : म्हणजे न्याहारी नाही. दाऊलची आई, अगं ए, संस्थेतली पोरगी आलीय. उपाशीच, नेहमीसारखी. यांच्या संस्थेत यंत्रांना अक्कल शिकवतात, पण दोन घास खाऊन घराबाहेर पडावं एवढं पोरींना शिकवत नाहीत.

मिरान : वाढून झाकून ठेवलंय, आई. सारही गरम आहे. येतेस का गं, सेइन?

सेइन : आधी काम उरकते, काकू. आजींनी फोनवर बजावलंय, आजच्या आज निकाल हवा म्हणून.

ओक-बुन : हवाच. आज पंचांगात घोड्याचा दिवस आहे, जांगाला शुभ. पुढचा बारा दिवसांनी येणार, तोवर पाऊस आला तर बसा हात चोळत. आज मूळ रांजणात भर घालायची म्हणजे घालायची.

सेइन : माहितीये. या बेचाळीस रांजणांतला सगळ्यात चांगला निवडायचा, आणि कोपऱ्यातल्या त्या जुन्या रांजणात वर्षभरात जेवढा जांग आटला तेवढा त्यात ओतायचा.

ओक-बुन : पाठ चांगलं केलंयस. अर्थ कळलाय का? सोयाबीन आंबवून जांग गावात घरोघरी करतात. असा रांजण मात्र एकच आहे. चार सासवांनी राखलाय तो. लढाईत गाव सोडून पळायची वेळ आली तेव्हा माझ्या सासूने पोर पाठीला बांधलं आणि रांजण परसात पुरला. परत आल्यावर आधी रांजण उकरून पाहिला, मग वर बघितलं, घराला छप्पर आहे का ते. त्यात एक पळी वाईट जांग पडला तर चार बायकांचा जन्म नासला म्हणून समज.

सेइन : म्हणून तर मला धास्ती वाटतेय, आजी. दरवर्षी तुम्ही स्वतः चाखून निवडता. यंदा यंत्रावर का सोडताय? पहिल्या दिवशी तुम्ही याला काय म्हणाला होतात, आठवतंय?

ओक-बुन : आठवतंय. बिनपोटाचा आचारी म्हणाले होते.

सेइन : आणि मला?

ओक-बुन : त्याची करवली. मग, खोटं होतं का? पण दोन वर्षं मी दर महिन्याला एकेका रांजणाला दहापैकी गुण देतेय आणि तू ते त्याला भरवतेयस. माणसाचं पोर असतं तर एव्हाना स्वयंपाक करून वाढायला लागलं असतं. मी शाळेत गेले तिसरीपर्यंत, त्यातही दुसरी दोनदा. आणि आज माझ्या हाताखाली यंत्र शिकून तयार झालंय. मग त्याची परीक्षा नको घ्यायला?

सेइन : तयार तर झालंय. शंभरात शहाण्णव वेळा त्याचं उत्तर तुमच्या गुणांशी जुळतं. संस्थेत सगळे विचारतात, ही आजी आहे तरी कोण?

ओक-बुन : सांगायचं त्यांना, येऊन बघा, पण न्याहारी करून या. चल, लाव तुझा कॅमेरा.

सेइन : लावला. याला डोळा आहे आणि हे खालचं नळकांडं म्हणजे नाक. दोन्ही मिळून एक आकडा येतो. झाकणं काढलीत ना सगळी?

मिरान : सकाळीच काढली. वाऱ्याने पानं येऊन पडली होती, तीही वेचली.

सेइन : झालं… हे बघा, आलं. एक नंबर, सतरा. शंभरात अठ्ठ्याण्णव.

ओक-बुन : सतरा. ऐकलंस, दाऊलची आई? आण पळी आणि ते पांढरं फडकं. सतराच्या तोंडावरून हात फिरव आणि—

मिरान : सतरा नको, आई.

ओक-बुन : काय म्हणालीस?

मिरान : सतरा नको. कडवट झालाय.

ओक-बुन : तुला कसं कळलं?

मिरान : मागच्या महिन्यात सेइनच्या तपासणीच्या बाटल्या भरताना… बोटाला लागला.

ओक-बुन : बोटाला लागला. आणि बोट तोंडात गेलं, आपोआप. चोवीस वर्षं या घरात आहेस. सासूने पळी हातात दिल्याशिवाय सुनेने जांग चाखायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही? मी स्वतः एकोणीस वर्षं थांबले. नुसत्या वासावर दिवस काढले.

मिरान : सांगितलं होतं.

ओक-बुन : मग? पुसानच्या मासळीबाजारात वाढलेली तू, आणि शिकलेल्या यंत्राच्या चुका काढतेस?

मिरान : मासळीबाजारात नाक चांगलं तयार होतं, आई. तिथे चुकलं तर गिऱ्हाईक मासा तोंडावर मारतं.

सेइन : आजी, एक मिनिट. मी मागचे आकडे बघते. काकू म्हणतात त्यात… थांबा. मार्चमध्ये याच यंत्राने सतराला बेचाळीस दिले होते. तुम्ही दहापैकी चार. आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीतही तो खालच्या पाचांत होता.

ओक-बुन : मग सुधारला असेल. माणसं सुधारतात.

सेइन : माणसं सुधारतील, पण पाच आठवड्यांत बेचाळिसाचा अठ्ठ्याण्णव जांग होत नाही. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवते. तोच रांजण, तीच जागा, ऊनही तसंच. फक्त… आजी, मार्चमध्ये सतरावर हा पांढरा कागद नव्हता.

ओक-बुन : कागद काय म्हणतेस, मोजा आहे तो. काल रात्री वारा सुटला होता, दोन मोजे उडून ओसरीखाली जाऊन पडले होते. सकाळी तांदळाची खळ केली आणि परत चिकटवले. अजून ओले असतील.

सेइन : मोजा म्हणजे… मला वाटायचं सजावट आहे.

ओक-बुन : सजावट. बाई, रांजण म्हणजे काय नवरी आहे? पांढऱ्या कागदाचा मोजा कापायचा आणि टाच वर, बोटं खाली, असा उलटा लावायचा. किडा-गोम पांढऱ्याला भिते, वर येत नाही. आणि काही वाईट आलंच, तर ते मोज्यात शिरून खाली जातं. माझ्या आजेसासूच्या आधीपासूनचं आहे हे.

सेइन : पण मग सगळ्या रांजणांना का नाही? मला इथून नऊ-दहाच दिसताहेत.

ओक-बुन : चांगल्यांनाच लावते मी. टाकाऊ जांगाला पहारा कशाला?

सेइन : फक्त चांगल्यांना?

ओक-बुन : फक्त चांगल्यांना.

सेइन : आजी, हे दोन वर्षांत मला एकदाही सांगितलं नाहीत.

ओक-बुन : तू विचारलंस का? तू विचारलंस ऊन किती, मीठ किती, रात्री थंडी किती. मोज्याचं विचारलं असतंस तर मोज्याचं सांगितलं असतं.

सेइन : काकू, एक काम कराल? सतरावरचा मोजा काढून शेजारच्या अठरावर धरा. चिकटवू नका, नुसता धरा.

मिरान : असा?

सेइन : असाच. आधी सतरा… एक्केचाळीस. आता अठरा… सत्त्याण्णव. आता मोजा बाजूला घ्या. अठरा, मोज्याशिवाय… एकोणचाळीस.

ओक-बुन : हात लावल्याबरोबर जांग बदलतो? ही काय जादू आहे?

सेइन : जादू नाही. काकू, आता तो… तो पावसाच्या पाण्याच्या बादलीवर धरा.

मिरान : बादलीवर?

सेइन : धरा ना. नव्वद. आजी, तुमच्या अंगणातल्या बादलीत उत्तम प्रतीचा जांग आहे म्हणे.

ओक-बुन : कालचं पाणी आहे त्यात, आणि एक बेडूक. आण इकडे तो मोजा. माझ्या पोटावर धरते. बघ, काय म्हणतो तुझा आचारी.

सेइन : आजी, राहू द्या.

ओक-बुन : बघ म्हणते ना.

सेइन : पंच्याण्णव.

ओक-बुन : पंच्याण्णव. साठ वर्षं सासर केलं, कोणी साठाच्या वर दिले नव्हते. यंत्र मनाचं मोठं आहे.

मिरान : आई, हसू नका, ती रडेल आता.

सेइन : रडत नाहीये. मला नुसती लाज वाटतेय. याला डोळा दिला, नाक दिलं, दोन वर्षं पाठीवर वाहून आणलं. आणि याने जांग कधी हुंगलाच नाही. पहिल्याच महिन्यात याला दिसलं असणार की पांढरा मोजा आहे तिथे आजी नऊ देते. मग कशाला हुंगायचं? दर वेळी मोजा बघितला आणि गुण मारले.

ओक-बुन : आमच्या शाळेत सरपंचाचा मुलगा होता, तोही असाच. फळ्याकडे बघायचाच नाही, मास्तरांच्या भुवईकडे बघून उत्तर द्यायचा. भुवई वर गेली की उत्तर बदलायचा. पहिला यायचा.

सेइन : पुढे काय झालं त्याचं?

ओक-बुन : सरपंच झाला. तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि ती बादली लांब ठेव, मला तिचा राग येतोय.

सेइन : नशीब, काकूंनी अडवलं. नाहीतर कडवट जांग मूळ रांजणात गेला असता, आणि तो माझ्यामुळे. पण आजी, एक गोष्ट बरी आहे. यंत्र चुकलं, तुम्ही नाही चुकलात. तुमचे गुण आणि प्रयोगशाळेतले आकडे दोन वर्षं हातात हात घालून चाललेत, मागच्या महिन्यापर्यंत. तेव्हा यंत्र ठेवू बाजूला. तुम्ही चाखा. पाच मिनिटांचं काम आहे.

ओक-बुन : चाखेन की. घाई काय आहे? तू आधी जेवून घे, सार निवेल.

सेइन : मघाशी तुम्हीच म्हणालात, आजच्या आज.

ओक-बुन : दिवस मावळला नाही अजून.

मिरान : आई, पळी देऊ?

(ओक-बुनने पळी घेतली आणि अठराच्या तोंडाशी नेली. पळीत जांग आला, काळा, कडेला तांबूस. तिने तो हुंगला, ओठांशी नेला, आणि पळी पुन्हा खाली केली. या अंगणात ती कधी बसून बोलली नव्हती. आता मात्र चौथऱ्याच्या कडेवर बसली.)

ओक-बुन : सांगून टाकते. उगाच तुम्हा दोघींना उन्हात कशाला उभं करायचं? मला चव कळत नाही.

सेइन : आज?

ओक-बुन : जानेवारीपासून. तो ताप आला होता ना आठवडाभर, तो उतरला आणि जाताना जीभ घेऊन गेला. वासही नाही. मिरची तेवढी कळते, तीही नुसती भाजते म्हणून. वाटलं महिन्याभरात येईल परत. आता चौथा महिना लागलाय.

सेइन : डॉक्टरांना दाखवलंत?

ओक-बुन : काय सांगू त्यांना? या खोऱ्यात ज्या बाईच्या जिभेला सगळे वचकून असतात तिची जीभ म्हणजे आता नुसतं कातडं झालंय म्हणून? बुधवारी गावच्या सभागृहात आम्हा म्हाताऱ्यांना फोनशी बोलायला शिकवतात. सगळ्या जणी त्याला पाऊस कधी ते विचारतात, नातवाला बायको कधी मिळेल ते विचारतात. मी बाहेर संडासामागे जाऊन हळूच विचारलं, बाबा, जांग करणाऱ्या बाईची चव गेली तर तिने काय करावं?

मिरान : काय म्हणाला?

ओक-बुन : पाच उपाय सांगितले. त्यातला तिसरा, घरच्यांना विश्वासात घ्या. फोन बंदच करून टाकला.

मिरान : तिसरा उपाय बरा होता, आई.

ओक-बुन : म्हणून तर मी या पोरीला बोलावलं. म्हटलं, दोन वर्षं माझीच जीभ आहे त्या पेटीत. माझी गेली तर गेली, पेटीतली तरी असेल शाबूत. ती सांगेल, आणि कोणाला काही कळायचं नाही.

सेइन : पण आजी, जमत नाहीये हे. फेब्रुवारी आणि मार्चचे गुण तुम्हीच दिलेत. चव नव्हती तर ते दिलेत कसे?

ओक-बुन : मोजा बघून.

सेइन : मोजा बघून?

ओक-बुन : चव होती तेव्हा मीच लावले होते ना ते? म्हटलं तेव्हाची मी काही खोटं बोलणार नाही. मोजा असेल त्याला नऊ, नसेल त्याला चार-पाच. वर दोनदा जीभ वाजवायची, म्हणजे तुझा संशय नको. शिष्य गुरूवर गेलाय, दुसरं काय?

सेइन : तरीही जमत नाही. हे बघा, आठ नंबरचा रांजण. सगळं वर्ष उत्तम होता. फेब्रुवारीत तो पडला, प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतंय. आणि तुम्ही नेमक्या त्याच महिन्यात त्याला नऊवरून चारावर आणलंत. बावीस वर आला, तर त्याला नऊ दिलेत. जुने मोजे बघून गुण दिले असतेत तर इथे चुकायला हवं होतं.

ओक-बुन : मोजा हलला होता. आठवरचा बावीसवर गेला होता.

सेइन : कोणी हलवला?

ओक-बुन : तेच तर. मीच हलवला असणार, दुसरं कोण हात लावतंय? पण आठवेना. रात्र रात्र आठवून बघितलं. मार्चमध्ये आणखी दोन हलले, तेही आठवेनात. मग मात्र धाबं दणाणलं माझं. म्हटलं, आधी जीभ गेली, आता डोकं चाललं. जीभ गेली तर माणूस गप्प बसून निभावून नेतं, डोकं गेलं तर कशाने निभावणार? माझी मामी शेवटी कोंबड्यांना नवऱ्याच्या नावाने हाका मारायची.

मिरान : मी हलवले.

ओक-बुन : काय?

मिरान : मोजे मी हलवले, आई. तिन्ही. आठ नासायला लागला होता, तुम्हाला कळत नव्हतं. तुम्ही मोजे बघून गुण देताय हे दिसत होतं. म्हणून मी चाखायची, आणि चांगल्यावर मोजा नेऊन लावायची. तुम्ही दुपारी झोपलात की.

ओक-बुन : तू चाखायचीस.

मिरान : हो.

ओक-बुन : सगळे?

मिरान : बेचाळीसच्या बेचाळीस. मूळ रांजण सोडून. त्याला हात नाही लावला.

ओक-बुन : आणि मी रोज सकाळी अंगणात उभी राहून स्वतःला विचारायची, ओक-बुन, आज वार कोणता? शेजारणीचं नाव काय? सतरा आणि नऊ किती? अगं, म्हणजे माझं डोकं शाबूत आहे.

मिरान : तुमच्या डोक्याला काही होणार नाही, आई. सतरा आणि नऊ सव्वीस.

ओक-बुन : मला येतं ते. दोन महिने जिवाला घोर लागला होता माझ्या, कळतंय का तुला? मी दाऊलच्या लग्नासाठी जपलेल्या हानबोकाची, त्या रेशमी पोशाखाची घडी कुठे ठेवलीय ते कागदावर चित्र काढून ठेवलं, विसरले तर सापडावं म्हणून. चोर कुठली.

मिरान : चुकलं माझं.

ओक-बुन : चुकलं काय? चार महिन्यांत आज पहिल्यांदा पोटात भूक लागलीय. पण तुला कळलं कधी, माझ्या जिभेचं?

मिरान : दाऊलच्या वाढदिवसाला. तुम्ही समुद्रशेवाळाचं सार केलंत, त्यात मीठच नव्हतं. तुम्ही चमचा चाटून म्हणालात, झकास झालंय.

ओक-बुन : पण दाऊल तर दोन वाडगे प्यायली.

मिरान : तुम्ही तिला बोलवायला गेलात तेवढ्यात मी मीठ घातलं.

ओक-बुन : आणि तेव्हापासून रोज?

मिरान : रोज नाही. कधी कधी तुमचा हात बरोबर पडायचा. सवयीने.

ओक-बुन : बोलली का नाहीस?

मिरान : तुम्ही बोलला नाहीत.

सेइन : थांबा, मला नीट समजून घेऊ द्या. यंत्र मोजा बघत होतं. आजी मोजा बघत होत्या. आणि मोज्याच्या मागे, फेब्रुवारीपासून, काकूंची जीभ होती. म्हणजे प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळत होत्या त्या काकू.

ओक-बुन : शिकलेली आहेस, शेवटी कळलं तुला. उन्हात जरा वेळ लागला इतकंच.

सेइन : आणि आज सकाळी तुम्ही उडालेला मोजा अठराऐवजी सतरावर लावलात.

ओक-बुन : दोन्ही शेजारी, दोन्ही ढेरपोटे. जीभ असती तर चुकले नसते.

मिरान : मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन पाहते तर मोजा सतरावर. आता हलवावा तरी कसा, तुम्ही समोर उभ्या. म्हणून बोलावं लागलं.

ओक-बुन : चोवीस वर्षांत पहिल्यांदा ‘नको’ म्हणालीस.

मिरान : दुसऱ्यांदा. पहिल्यांदा म्हणाले होते तेव्हा तुम्ही ऐकलं नव्हतंत.

ओक-बुन : कधी?

मिरान : जाऊ द्या. पडद्यांचा रंग होता.

सेइन : मी आता संस्थेत काय सांगू? शहाण्णव टक्क्यांसाठी साहेबांनी मला फुलं दिली होती.

ओक-बुन : खरं सांग. म्हणावं, यंत्राने कॉपी केली, आजीनेही केली, आणि दोघांना पास करणारी स्वयंपाकघरात होती. फुलं परत देऊ नकोस, वाळली असतील. आता पुढे काय करणार ते बोल. यंत्र टाकून देणार?

सेइन : नाही. ते मूर्ख नाही, लबाड आहे. लबाडाला शिकवता येतं, त्याची पळवाट बंद केली की. तुम्ही हे मोजे काढून टाकलेत तर—

ओक-बुन : मोजे निघणार नाहीत. गोमा काय तुझी संस्था वेचणार आहे?

सेइन : मग उलटं करू. सगळ्यांना लावू. चांगल्या, वाईट, बेचाळीसच्या बेचाळीस. सगळीकडेच मोजा दिसला तर मोज्यावरून काही कळणार नाही. मग झक मारत नाक वापरेल.

ओक-बुन : हं. हे डोकं चाललं. पण बत्तीस मोजे कापणार कोण?

सेइन : मी.

ओक-बुन : तुला सरळ कात्री धरता येते का? तुझं भांडी घासणं पाहिलंय मी. जेवण झाल्यावर बस माझ्याजवळ, शिकवते. टाच नीट वळली पाहिजे, नाहीतर मोजा न दिसता बटाटा दिसतो.

सेइन : आणि गुण यापुढे काकू देतील ना? नुसता आकडा नको मला. चाखल्यावर काय वाटतं ते शब्दांत हवं. यंत्राला आता शब्दही कळतात.

ओक-बुन : गुण कोण देणार ते मी ठरवणार, तू नाही. दाऊलची आई, इकडे ये. ही पळी धर.

मिरान : आई, यंदा अठराच सगळ्यांत चांगला आहे, मी नुसतं त्यातून काढून ओतते, तुम्ही शेजारी उभ्या राहा. पळी तुमच्याकडेच—

ओक-बुन : धर म्हटलं ना. माझी सासू मला ही द्यायला जवळजवळ मरेपर्यंत थांबली. अंथरुणावरून दिली, तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं. काही विचारायची सोय राहिली नाही. मी अजून बोलू शकते, तोवर घे.

मिरान : मग आधी अठरा नको. आधी मूळ रांजण चाखू द्या. त्याचीच चव माहीत नाही मला. जुळतंय का ते कशावरून ठरवू?

सेइन : काकूंनी कधीच चाखला नाही तो?

मिरान : वासावर ओळखते. चव नाही माहीत.

ओक-बुन : खरंय. मला सुचायला हवं होतं. झाकण मी काढते, ते तिरकं आहे, सवय लागते. हं. पळी पूर्ण बुडवू नकोस. वरची साय दूर कर, हळूच. एवढाच घे. जिभेच्या टोकावर नको, मध्ये ठेव आणि तोंड मीट.

सेइन : मी फोन चालू करू? शब्द नोंदवून घ्यायला?

ओक-बुन : या खेपेला नको. ही माझ्यासाठी आहे. बोल गं. मला काही कळणार नाही, तू सांगशील तेवढंच.

मिरान : आधी खारट. नुसतं खारट नाही, जड. मग काहीच नाही.

ओक-बुन : काहीच नाही?

मिरान : थांबायला लावतो. वाटतं, संपलं. आणि मग मागून, घशाच्या बाजूने, गोड येतं. भाजलेल्या चेस्टनटसारखं. सालीसकट भाजलेल्या.

ओक-बुन : मध्ये किती थांबायला लावतो?

मिरान : एक श्वास.

ओक-बुन : पुरा श्वास, की नाकात घेतला आणि सोडला नाही, एवढा?

मिरान : पुरा. घेतला, सोडला, मग गोड.

ओक-बुन : हो. तसाच आहे. तसाच आहे अजून. आता तोंड धू, सार घे दोन घोट, आणि अठरा चाख.

मिरान : अठरा… खारट हलका आहे. थांबतो, पण अर्धाच श्वास. चेस्टनट नाही, भाताच्या करपलेल्या पापुद्र्यासारखं येतं. पण येतं त्याच बाजूने.

ओक-बुन : मागून?

मिरान : मागून.

ओक-बुन : बाकीचं तो जुना शिकवेल त्याला. कोणी घाई केली नाही तर शिकतात सगळे. पुढे हो, उन्हाकडे पाठ कर.

मिरान : तुम्ही नाही ओतत?

ओक-बुन : तू ओत. हळू, कडेकडेने. पहिल्यांदाच तुझा हात बघतोय तो, बुजेल.